एकच रायफल, दोन राज्यं

प्रश्न : माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. तिथल्या दुकानात त्याने सेमी-ऑटोमॅटिक (चाप ओढला की दर वेळी एकच गोळी सुटणारी) रायफल पाहिली, मुठीला माशाच्या परासारखी पट्टी लावलेली. शेजारच्या नेवाडात तीच रायफल साध्या मुठीने मिळते म्हणे. असं का?

उत्तर : ती पट्टी कायद्यामुळे आली. कॅलिफोर्नियात मॅगझिन (गोळ्यांची पेटी) सुटं होणाऱ्या, सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठिणगी पाडणाऱ्या) अशा सेमी-ऑटोमॅटिक रायफलीला पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता किंवा नळीच्या टोकाची ज्वाला दाबणारा भाग, यांतलं एक जरी असलं तरी ती ‘असॉल्ट वेपन’, म्हणजे बंदी असलेलं शस्त्र, ठरते. पट्टी असली की हाताची पकड मुठीभोवती पूर्ण बसत नाही आणि रायफल व्याख्येतून सुटते. गोळी तीच, वेगही तोच! १९९४ च्या अमेरिकी केंद्र सरकारच्या बंदीत रायफल ‘असॉल्ट वेपन’ ठरायला अशी दोन वैशिष्ट्यं लागत. ती बंदी २००४ मध्ये संपली. न्यूयॉर्क राज्याने २०१३ मध्ये आपल्या कायद्यात ही अट एकाच वैशिष्ट्यावर आणली.

१९८९ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन शहरातल्या शाळेत गोळीबारात पाच मुलं मारली गेली, त्यानंतर कॅलिफोर्नियाने पहिला कायदा केला. तो हवाच होता. पण माझ्या मते मुठीच्या आकारापेक्षा मॅगझिनमध्ये दहाच गोळ्या ही मर्यादा जास्त मोलाची, कारण मॅगझिन बदलायला मारेकऱ्याला थांबावं लागतं.

भाच्याला एवढं सांगाच : साध्या मुठीची तशी रायफल नेवाडातून कॅलिफोर्नियात घरी आणणं गंभीर गुन्हा आहे.