युजर प्रोग्रामला कर्नलची मेमरी वाचताच येत नाही, मग केपीटीआय कशाला? जुन्या लॅपटॉपवर ते बंद केलं तर चालेल का?

तुमच्याकडे चौथ्या पिढीचा इंटेल आय५ आहे, त्यावर लिनक्स चालतं आणि बूट करताना 'नोपीटीआय' दिलं की मशीन हलकं होतं असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, केपीटीआय म्हणजे त्याची मेमरी युजर प्रोग्रामांपासून वेगळी ठेवणारी लिनक्समधली सुरक्षा सोय, आणि 'नोपीटीआय' ती बंद करतं. आधी थेट उत्तर देतो: देऊ नका. का, ते तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागातच दडलंय.

सी मध्ये एक पॉइंटर घ्या, त्यात कर्नलच्या भागातला एखादा पत्ता भरा आणि वाचून बघा. प्रोग्राम तिथल्या तिथे 'सेगमेंटेशन फॉल्ट' देऊन बंद पडेल. इथवर तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण २०१८ च्या आधी तो बंद पडायचा तो पत्ता पेज टेबलात (प्रोग्रामचा कोणता पत्ता रॅममध्ये कुठे आहे हे सांगणाऱ्या तक्त्यात) नाही म्हणून नव्हे. ६४ बिट लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसच्या पेज टेबलात सर्वांत वरच्या पातळीला ५१२ नोंदी असतात, त्यातल्या खालच्या २५६ प्रोग्रामच्या आणि वरच्या २५६ कर्नलच्या. म्हणजे अख्खा कर्नल प्रत्येक प्रोसेसच्या टेबलात हजर असायचा, आणि हे पान (मेमरीचा ठरावीक तुकडा) युजरसाठी आहे की नाही एवढं सांगणारा एक बिट काय तो आड यायचा. शिवाय कर्नलच्या त्या भागात मशीनची जवळजवळ सगळी रॅम जोडलेली असते, त्यामुळे इतर प्रोग्रामांचा डेटाही तिथे आलाच. ही सोय वेगासाठी होती. सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी) आला की टेबल न बदलता थेट कर्नलमध्ये शिरता यायचं.

तो एक बिट पुरेसा नाही, हे मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटीने दाखवलं. ३ जानेवारी २०१८ ला ते जाहीर झालं. प्रोसेसर पुढच्या सूचना आधीच चालवून ठेवतो, आणि इंटेलच्या तेव्हाच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये परवानगी नसल्याचा फॉल्ट उठेपर्यंत कर्नलमधला बाइट त्या पुढच्या सूचनांच्या हातात पडलेला असायचा. समजा तो बाइट ८४ आहे. हल्ला करणारा त्याला ४०९६ ने गुणतो आणि स्वतःच्याच २५६ पानांच्या अ‍ॅरेत तेवढ्या अंतरावर वाचतो. मग फॉल्ट येतो, प्रोसेसर सगळं मागे घेतो, रजिस्टरमध्ये काही उरत नाही. पण वहीत लिहिलेलं खोडलं तरी खालच्या कागदावर दाब उमटलेला राहतो, तसं ते ८४ क्रमांकाचं पान कॅशेत (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीत) राहून जातं. आता एकेक पान वाचून वेळ मोजायचा. जे झटकन येतं, त्याचा क्रमांक म्हणजेच चोरलेला बाइट. संशोधकांनी या रीतीने सेकंदाला ५०० किलोबाइटपर्यंत वाचून दाखवलं होतं. रूट परवानगी लागत नाही, कर्नलमध्ये बग असावा लागत नाही. मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते.

तपासणीच उशिरा होत असेल, तर तपासायला तिथे काही ठेवायचंच नाही, हा त्यावरचा इलाज. केपीटीआय तेच करतं. प्रत्येक प्रोसेसला दोन टेबलं मिळतात. युजर प्रोग्राम चालू असताना जे लावलेलं असतं, त्यात कर्नलचा अगदी छोटा तुकडा असतो: सिस्टिम कॉल आणि इंटरप्ट आत घेण्यापुरता. दोन्ही टेबलांची वरची पानं मेमरीत शेजारी-शेजारी असतात, म्हणून कोणतं टेबल वापरायचं ते सांगणाऱ्या सीआर३ रजिस्टरमधला १२ क्रमांकाचा बिट उलटवला की टेबल बदलतं. अजून एक बारकावा मला फार आवडतो. कर्नलच्या टेबलात युजरचा भागही असतो, पण तिथून कोड चालवायला मनाई असते. बाहेर पडताना टेबल बदलायचं राहून गेलं, तर प्रोग्राम पहिल्याच सूचनेला कोसळतो. चूक लपून राहत नाही.

ही कल्पना मेल्टडाउनसाठी जन्मलेली नव्हती. ऑस्ट्रियातल्या ग्राझ तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये 'कैसर' नावाने ती मांडली, तेव्हा कर्नलचा पत्ता शोधून काढणाऱ्या युक्त्या रोखणं एवढाच हेतू होता. तयार आराखडा हाताशी होता म्हणूनच लिनक्स ४.१५ मध्ये ती इतक्या लवकर येऊ शकली.

आता वेगाचं. प्रत्येक सिस्टिम कॉलला सीआर३ दोनदा बदलतो, हा खर्च खरा आहे. डेटाबेस किंवा नेटवर्कचं जड काम असेल तर तो जाणवतो. पण तुमच्या प्रोसेसरमध्ये पीसीआयडी (कोणती नोंद कुठल्या टेबलाची, ते ओळखण्याची सोय) आहे, त्यामुळे टेबल बदलताना टीएलबी (टेबलातल्या अलीकडच्या नोंदींचा प्रोसेसरमधला साठा) दर वेळी रिकामा करावा लागत नाही. ब्राउझर, ऑफिसची कामं, कोड लिहिणं यात फरक कळणारही नाही. लॅपटॉप रखडत असेल तर रॅम वाढवा, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. तिथे खरा फायदा आहे.

डॉकरमध्ये (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) सगळं चालवतो म्हणून सुरक्षित, असंही समजू नका. कंटेनरचा कर्नल मशीनचा तोच असतो. एनपीएम किंवा पिपने ओढलेलं कुठलंही पॅकेज तुमच्या मशीनवर साधा युजर प्रोग्राम म्हणूनच चालतं, आणि मेल्टडाउनला तेवढंच पुरतं. केपीटीआय स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दुसऱ्या त्रुटीपासून वाचवत नाही, त्याचे उपाय वेगळे आहेत, तेही चालूच राहू द्या.

टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' चालवून मेल्टडाउनची ओळ बघा. तुमच्याकडे 'मिटिगेशन; पीटीआय' दिसायला हवं. 'व्हल्नरेबल' दिसलं तर कर्नल फार जुना आहे किंवा कुणीतरी ते आधीच बंद करून ठेवलंय, ग्रबची (लिनक्स बूट करणाऱ्या प्रोग्रामची) सेटिंग तपासा. उद्या एएमडीचं किंवा नव्या पिढीच्या इंटेलचं मशीन घेतलंत तर तिथे 'नॉट अफेक्टेड' येईल, आणि तिथे कर्नल स्वतःहूनच केपीटीआय लावत नाही.