गाडी चार महिने शेडात उभी राहणार, मग काय करायचं?

यंदा हुरड्याच्या आधीच गाडी उभी करून ठेवायची कशी हे विचारणारी पत्रं बरीच आली, त्यातली चार घेतोय. नावं छापत नाही, ठिकाण तेवढं देतो.

प्रश्न : काका नमस्कार. मी मूळचा अशोक चौकातला, दोन वर्षं झाली म्युनिकजवळ नोकरीला आहे. इथं सेकंडहँड ६५० सीसीची रेडिएटरवाली गाडी घेतली. नंबरप्लेट सीझनची आहे, तिच्यावर महिने छापलेले असतात, माझी मार्च ते ऑक्टोबर, म्हणजे नोव्हेंबरपासून गाडी रस्त्यावर आणायचीच नाही, रस्त्यावर लावायची पण नाही. घरमालकिणीनं बागेतली लाकडी शेड दिलीय, पण तिथं ना हीटर ना लाइट, अन् जानेवारीत कधीकधी उणे दहाच्या खाली जातं. गाडी थंडीनं खराब होईल का? मित्र म्हणतो छोटा गॅसचा हीटर लाव. बाबा सोलापुरातून फोनवर सांगतायत की दर रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेव. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही ऐकू नको लेका. बाबांना माझा नमस्कार सांग, पण ह्या बाबतीत ते चुकतायत, अन् चुकणारे ते एकटे नाहीत, आपल्याकडं निम्मं गाव हेच करतं.

आधी थंडीचं. लोखंडाला अन् अॅल्युमिनियमला उणे दहानं काही होत नाही, गाडीला नुसती थंडी बाधत नाही, बाधते ती ओल. उन्हाळ्यात फ्रिजमधला तांब्या बाहेर काढून ठेवला की त्याला बाहेरून घाम येतो ना, तसंच गार पडलेल्या इंजिनावर गरम दमट हवा आली की पाणी सुटतं, अन् गॅसचा हीटर लावलास तर नेमकं तेच होणार, कारण गॅस जळला की वाफच तयार होते, ती जाऊन बसणार तुझ्या गार टाकीवर, चेनवर, स्पोकवर. शिवाय पेट्रोलची टाकी असलेल्या लाकडी शेडात ज्योत पेटवायची म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. एकसारखी थंड अन् कोरडी शेड ही कधी गरम कधी गार होणाऱ्या शेडपेक्षा चांगली, हे डोक्यात पक्कं ठेव.

रविवारच्या पाच मिनिटांचं पण तसंच आहे. पेट्रोल जळलं की धुराबरोबर पाणी निघतं, सकाळी गार सायलेन्सरमधून टपटप पडताना बघितलंच असशील. इंजिन नीट तापलं तर ते उडून जातं, पण पाच मिनिटांत कुठलं तापायला, मग ते सायलेन्सरमध्ये अन् ऑइलमध्ये साचतं. सेल्फ मारताना बॅटरीतनं जेवढं गेलं तेवढं पाच मिनिटांच्या आयडलिंगला भरून पण येत नाही. म्हणजे दर रविवारी थोडं पाणी घालायचं अन् थोडी बॅटरी काढायची, असला हा हिशोब. एकदा उभी केली की मार्चपर्यंत सेल्फला हात लावू नको.

आता उभी करायची कशी. ऑक्टोबरच्या शेवटी धुऊन घे, अन् धुतल्यावर लगेच शेडात घालू नको, वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आण म्हणजे कानाकोपऱ्यातलं पाणी उडेल. त्या फेरीत येताना टाकी भरून घे. लोखंडी टाकी अर्धी रिकामी राहिली की वरच्या मोकळ्या पत्र्याला आतनं घाम येतो अन् गंज धरतो. तिकडं पंपावर ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं पेट्रोल, पण मिळतं अन् सुपर प्लस पण, तर ह्या शेवटच्या टाकीला सुपर प्लस घाल, त्यात इथेनॉल जास्तीत जास्त ५ टक्के असतं, अन् इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल शिळं होऊ नये म्हणून टाकीत घालायचं औषध, घालायचा असेल तर पंपावरच घाल म्हणजे घरी येईपर्यंत तो इंजेक्टरपर्यंत पोचतो, शेडात आणून वरनं ओतून उपयोग नाही.

घरी आल्यावर इंजिन गरम असतानाच ऑइल बदल. लोक म्हणतात मार्चमध्ये बदलू, नवीन ऑइल चार महिने उगाच कशाला ठेवायचं. पण जुन्या ऑइलमध्ये जळक्या पेट्रोलची आम्लं अन् ओलावा असतो, ते चार महिने बेअरिंगला चिकटून बसण्यापेक्षा नवीन ऑइल बसलेलं बरं.

रेडिएटरकडं मात्र नीट बघ, कारण थंडीनं खरोखर काही फुटणार असेल तर ते हेच. आपल्याकडं पाणी कमी दिसलं की कुणीपण बाटलीतलं प्यायचं पाणी ओततं अन् सोलापुरात ते खपून जातं. तिकडं नाही खपणार. पाणी गोठलं की साधारण ९ टक्क्यांनी फुगतं, त्याला जागा नसली की रेडिएटर तडकतो, नशीब वाईट असलं तर इंजिनचा ब्लॉक पण. अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण उणे ३५ च्या आसपास टिकतं. सेकंडहँड गाडी घेतलीस ना, मग आधीच्या मालकानं आत काय घातलंय कुणास ठाऊक, शंका असेल तर सगळं काढून नवीन भर.

बॅटरी काढून घरात घेऊन जा. शेडात लाइट नाही म्हणजे चार्जर लावायचा प्रश्नच मिटला. आधी निगेटिव्ह काढायची, मग पॉझिटिव्ह, लावताना उलटं. साधी लेड-अॅसिड बॅटरी फुल चार्ज असेल तर उणे पन्नासलाही गोठत नाही, पण उतरलेली असेल तर उणे सात-आठलाच गोठू शकते, अन् एकदा गोठून फुगली की संपली. म्हणून घरात ठेव, महिन्या-दीड महिन्यानं मीटर लावून बघ, १२.४ व्होल्टच्या खाली आली की चार्ज कर. लिथियमची असेल तर शून्याच्या खाली कधीच चार्जला लावू नको.

बाकी पटापट सांगतो. चेन साफ करून ल्यूब मार, टायरला हवा पूर्ण भर, सेंटर स्टँड असेल तर त्यावर घे, नसेल तर चाकाखाली प्लायवूडचे तुकडे घाल अन् महिन्यातनं एकदा गाडी हातभर पुढं ढकल. जमीन मातीची असेल तर खाली जाड प्लास्टिक अंथर, ओल खालनं येते. पण वरनं प्लास्टिक टाकू नको, हवा खेळेल असं कव्हर घाल. अन् हो, तसल्या बागेच्या शेडात खताची पोती अन् रस्त्यावर टाकायचं मीठ ठेवलेलं असतं, ती तुझ्या गाडीपासून लांब सरकव, मालकिणीला विचारून.

प्रश्न : दादा, आम्ही दोघं फेब्रुवारी ते जून मुलाकडं बेंगळूरला राहणार आहोत. मिस्टरांची १९९६ ची १०० सीसी मोटरसायकल अन् माझी बीएस-६ स्कूटर दोन्ही घराशेजारच्या पत्र्याच्या शेडात राहतील. शेजारचा मुलगा म्हणतोय काकू चावी देऊन जा, मी मधनं मधनं चालू करत जाईन. द्यावी का? वरनं झाकायला आमच्याकडं जुन्या चादरी आहेत, चालतील का? (जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, वरचं म्युनिकचं पत्र वाचून कीव करू नका, तुमच्या गाड्यांचे हाल त्याच्यापेक्षा जास्त होणार आहेत. त्याची शेड थंड, तुमची शेड म्हणजे मे महिन्यातला तवा. बाहेर ४३-४४ असतं तेव्हा पत्र्याखाली किती असेल ते दुपारी दोन वाजता आत उभं राहून बघा. बॅटरीचं असं आहे की तापमान दहा अंशांनी वाढलं की तिची आपोआप उतरायची गती साधारण दुप्पट होते. थंडीत नुसती पडून राहिलेली बॅटरी हळू उतरते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात भराभर. म्हणून दोन्ही बॅटऱ्या काढून घरात फरशीवर ठेवा, अन् त्या शेजारच्या पोराला चावीऐवजी चार्जर देऊन जा, महिन्यातनं एकदा लावू दे.

चावी द्यायचीच असेल तर मग त्यानं जागेवर घुर्र घुर्र करायची नाही, पंधरा दिवसांतनं एकदा होटगी रोडला पंधरा-वीस किलोमीटर नीट चालवून आणायची, लायसन असेल तर अन् इन्शुरन्स चालू असेल तर. मधलं काही नको.

दोन गाड्यांचं पेट्रोलचं गणित वेगवेगळं आहे. मिस्टरांची कार्बोरेटरची. तिचा पेट्रोल कॉक बंद करायचा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, मग कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून उरलेलं थेंबभर पण काढायचं. ते तसंच राहिलं तर उन्हानं उडून जातं अन् मागं चिकट थर उरतो, जेटचं, म्हणजे आतनं पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचं, भोक सुईच्या टोकाएवढं असतं त्यात तो थर बसला की खल्लास. स्कूटर फ्युएल इंजेक्शनची, तिची टाकी रिकामी करू नका, पंप टाकीतच बुडालेला असतो, तो कोरडा पडू द्यायचा नसतो. दोन्हींच्या टाक्या भरा पण गळ्यापर्यंत नको, वर बोटभर जागा सोडा, उन्हात पेट्रोल फुगतं.

आता पंपावर ई-२० आहे, म्हणजे शंभरात वीस भाग इथेनॉल, बहुतेक आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं, तेव्हा तक्रार कुणाकडं करणार. तुमची स्कूटर नवीन असेल तर तिला चालतं, पण १९९६ च्या गाडीचे रबरी पाइप ह्यासाठी बनवलेलेच नव्हते, ते कडक होऊन चिरतात. जायच्या आधी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा पाइप बदलून घ्या, किरकोळ खर्च आहे, पण पाइप गळून बंद शेडात पेट्रोल साचलं तर किरकोळ राहणार नाही.

चादरीचं विचारलंत, अन् सोलापुरात बसून चादरीला नाही कसं म्हणू. मेपर्यंत सुती चादर एकदम बेस्ट, हवा खेळते, धूळ अडते, रंगाला ओरखडा नाही. पण जूनला पाऊस लागला अन् शेड गळत असेल तर तीच चादर ओल धरून टाकीला चिकटून बसेल. पत्र्याची भोकं आधी बुजवा. अन् विम्याची तारीख बघून जा, संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केला नाही तर नो क्लेम बोनस जातो, गाडी उभी होती हे कारण कुणी ऐकत नाही.

प्रश्न : आमच्या शेडात ज्वारीची पोती अन् बाजूलाच गाडी. उंदरांनी वायरिंग दोनदा खाल्लं. डांबर गोळ्या ठेवल्या, तंबाखू ठेवली, काही फरक नाही. (मंद्रूप)

उत्तर : मालक, मालदांडीच्या पोत्याशेजारी राहायला मिळाल्यावर डांबर गोळीला कोण घाबरतंय. पोती अन् गाडी वेगळी करा, हाच उपाय, बाकी सगळं मनाचं समाधान. ते जमतच नसेल तर वायरिंगवर प्लास्टिकचा नालीदार पाइप चढवून घ्या अन् एअर फिल्टरच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी बसवा, कारण वायर खातात ते दिसतं तरी, फिल्टरच्या डब्यात चिंध्या-कापूस आणून घरटं करतात ते दिसत नाही अन् गाडी पिकअप घेईना म्हणून तुम्ही माझ्याकडं येता. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला, अन् त्याची आठवण म्हणून हँडलला लाल चिंधी बांधा. विष ठेवू नका, उंदीर मरायला नेमका सीटखालीच जातो.

प्रश्न : गाडी सहा महिने उभी होती. आता किक मारून मारून पाय दुखायला लागला, सुरूच होईना. कार्बोरेटरवालीच आहे. काय करू? (बार्शी)

उत्तर : आधी किक मारायचं थांबवा. माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी मी पायाच्या ऑपरेशननंतर भावाकडं नाशिकला पाच महिने राहिलो, माझी जुनी टू-स्ट्रोक गॅरेजच्या मागच्या पत्र्याखाली जशीच्या तशी सोडून. दुसऱ्यांना बोळा घाला म्हणून सांगणारा माणूस मी, पण स्वतःच्या गाडीला घातला नव्हता. परत आल्यावर नुकताच बरा झालेला पाय घेऊन चाळीस-एक किका मारल्या. चौकातली पोरं बघत होती, एक म्हणतो, काय बे, काकांची गाडी झोपली काय. मग गुमान खाली बसून खोलली. कार्बोरेटरच्या वाटीत हिरवट चिकट काकवीसारखं काहीतरी, मेन जेट पूर्ण बंद. ते साफ केलं, तरी फुसफुस करून बंद पडायची. शेवटी सायलेन्सरमध्ये तार घातली तर आतनं ढेकळं पडायला लागली, कुंभारीण माशीनं आत चिखलाचं घर बांधलं होतं, एकाला लागून एक, अस्सल बांधकाम.

तर क्रम असा धरा. सायलेन्सर अन् एअर फिल्टर उघडून बघा. टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून वास घ्या, रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास आला तर सगळं काढून ताजं भरा. कार्बोरेटरची वाटी खोलून जेट साफ करा, पण तारेनं कोरू नका, भोक मोठं होतं, कार्ब क्लीनर मारून हवेनं फुंका. स्पार्क प्लग काढून त्या भोकातनं चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा अन् प्लग न लावताच हळूहळू पाच-सहा वेळा किक फिरवा, म्हणजे कोरड्या पडलेल्या सिलिंडरला ओरखडे जाणार नाहीत. किक जागची हललीच नाही तर जोर करू नका, मेकॅनिक बोलवा. मग नवीन प्लग, चोक ओढून किक. सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटं निळा धूर येईल, तुम्ही घातलेलं ऑइलच जळतंय ते, शेजारणीचे वाळत घातलेले कपडे आधी काढायला सांगा. आणि बाहेर काढायच्या आधी ब्रेक दाबून बघा, सहा महिन्यांत ब्रेक शू चिकटलेले असतात, माझे होते, अन् मला ते कळलं उतारावर.