भरीत महोत्सवाच्या अर्जावर शिक्का आहे, मग परवानगी मिळाली का?

भाऊ, तुमचं पत्र वाचलं. जळगावात कॉलनीतल्या लोकांनी मिळून भरीत महोत्सव ठरवला, रस्त्यावर मंडप, खाण्याचे स्टॉल, रात्री अकरापर्यंत ऑर्केस्ट्रा, पोलीस स्टेशन आणि मनपा दोन्हीकडे अर्ज दिले, साहेब तोंडी म्हणाले होऊन जाईल, आणि आता आठ दिवस राहिले तर कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलने तक्रार केली म्हणून पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची (म्हणजे जुनी सीआरपीसी १४९ ची, गुन्हा होऊ नये म्हणून आधीच देतात ती) नोटीस हातात दिली. तुम्ही विचारताय की अर्जावर शिक्का आहे, कार्यक्रम घेऊन टाकू का?

नका घेऊ. तो आवकचा शिक्का आहे, नुसती पोच. तारीख आणि आवक नंबर असतो त्याच्यावर, मंजुरी नसते. आणि मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या भाच्याची वाटते. अर्जावर आणि हमीपत्रावर सही त्याची, तो पोलीस भरतीची तयारी करून राहिला. नोटीस मिळूनही कार्यक्रम झाला तर गुन्हा मंडळावर नाही, सही करणाऱ्याच्या नावावर येईल. भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ (सरकारी आदेश मोडल्याचं) लागलं तर शिक्षा किती होईल ते नंतरचं, पण चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममधे ती केस त्याला लिहावीच लागेल. आजच अर्ज बदला, सही अध्यक्ष-सचिवांची घ्या, जे त्या दिवशी ग्राउंडवर उभे राहणार आहेत त्यांची.

आता तुमची बाजू. पोलीस मनाला वाटलं म्हणून नाही म्हणू शकत नाहीत. अहमदाबादच्या हिंमतलाल शाह केसमधे सुप्रीम कोर्टाने १९७२ सालीच सांगितलंय की सार्वजनिक जागी सभा घेण्यावर शासन नियम लावू शकतं, पण परवानगी द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या लहरीवर सोडता येत नाही. पण याच्या जोरावर रस्ता अडवायला जाऊ नका, कारण मुंबई हायकोर्टाने २०१६ मधे स्पष्ट केलंय की वाहतूक अडवून रस्त्यावर मंडप टाकायचा कोणालाही मूलभूत हक्क नाही. हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स त्याच रस्त्याने जाते हे तुम्हीच लिहिलंय, मग भाऊ, त्यांची तक्रार मला तरी खरी वाटते.

म्हणून मंडप कॉलनीच्या ओपन स्पेसमधे न्या आणि सुधारित अर्ज द्या, सोबत हाताने काढलेला नकाशा जोडा, त्यात आत-बाहेरचे रस्ते आणि पार्किंग दाखवा. स्पीकर दहाला बंद. २००० च्या ध्वनी नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकरला बंदी आहे, सवलतीचे दिवस सरकार ठरवतं आणि ते वर्षाला पंधराच्या वर नसतात. हॉस्पिटलचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर आहे का हे लेखी विचारा, पण उत्तराची वाट न बघता डॉक्टरांना स्वतः जाऊन भेटा आणि स्पीकरची तोंडं दुसरीकडे करू असं लिहून द्या. ऑर्केस्ट्राचा हट्ट सोडता आला तर फार बरं, लोक भरीत खायला येणार आहेत.

वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजणार म्हणजे उघडा जाळ आला, आणि मंडपाचं कापड पेटायला वेळ लागत नाही. भाजायची जागा मंडपापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून ठेवा, पाण्याचा टँकर आणि वाळूच्या बादल्या तिथंच पाहिजेत, अग्निशमनची एनओसी अर्जासोबत मागा. महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन घ्या, आकडा अजिबात नको. स्टॉलवाल्यांची अन्नसुरक्षा नोंदणी बघून झेरॉक्स ठेवा.

अजून एक, जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश तुमच्या तारखेला चालू आहे का ते ठाण्यात विचारून घ्या, तो पंधरा-पंधरा दिवसांचा निघतो आणि बरेच जण तिथंच फसतात.

एवढं करूनही नाही म्हणाले तर लेखी कारण मागा. तोंडी नकाराला ना अपील करता येतं ना कोर्टात काही दाखवता येतं. कारण न देता लेखी नकार आला तर हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करता येते, पण आठ दिवसांत धावपळ आणि खर्च दोन्ही होईल, त्यापेक्षा तारीख पंधरा दिवस पुढे घ्या, भरताचा सीझन तेवढ्यात संपत नाही. मंडपवाल्याकडे ॲडव्हान्स परत मागून भांडू नका, परवानगी नसताना बुकिंग तुम्ही केलंय. तोच ॲडव्हान्स नव्या तारखेला धरा म्हणा आणि पावतीच्या मागे तसं लिहून त्याची सही घ्या.