ओशोग्बोच्या जत्रेला जावं का?

प्रश्न : मुलगा नायजेरियात लागोसला नोकरीला आहे. ऑगस्टमध्ये तो आम्हा दोघांना तिथल्याच ओशोग्बो शहराची जत्रा दाखवणार म्हणतो. तिथे अमेरिका, ब्राझीलहूनही माणसं येतात म्हणे. आपण परक्यांनी जावं का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, जरूर जा. फोंड्यात राहून तुम्ही हे रोज पाहता. 1560च्या सुमारास मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला. मंगळूर-मुंबईला पांगलेल्यांचे वंशज आजही कुळाचा देव शोधत तिथेच येतात. पण त्यांना निदान गोत्र, गाव ठाऊक असतं. गुलाम म्हणून जहाजात कोंबलेल्या तिथल्या योरुबा लोकांची नावंसुद्धा पुसली गेली. तरी जिची ही जत्रा, ती ओशुन नदीदेवी त्यांच्यासोबत क्युबा-ब्राझीलला पोचली, तिथे आजही पुजली जाते. हे मला फार मोठं वाटतं.

ओशोग्बोचं देवराईसारखं रान 75 हेक्टरांचं, 2005पासून जागतिक वारसा. जत्रेत एक कुमारिका डोक्यावर नैवेद्याचा भोपळा घेऊन नदीपर्यंत चालते. मिरवणुकीत तिच्या वाटेत येऊ नका, आणि देवळांपाशी विचारल्याशिवाय फोटो काढू नका. वेळ असेल तर लागोसजवळचं बदाग्री गाव बघाच. तिथल्या किनाऱ्यावरून माणसं जहाजांवर चढवली जात. आपले पूर्वज इथून गेले असतील, या जाणिवेने येणारे तिथे रडतात. त्यांना एकटं सोडा.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या. दाखला जपून ठेवा, परतताना आपल्या विमानतळावरही तो मागतात.