अळीसाठी सोडलेल्या ओळी

मेहकर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

स्पर्धेसाठी लिहिलेली तुझी गोष्ट मिळाली. रात्री ओलिताला गेलेला माणूस आणि विहिरीतून येणारा त्याचाच आवाज, एका बैठकीत वाचून काढली. सोबतच्या चिठ्ठीतली काळजी मात्र पटली नाही. लिहून झाल्यावर तशीच एक जुनी इंग्रजी गोष्ट सापडली, आता आपण चोर ठरू, असं तुला वाटतं. अगं, नारायण धारपांची ‘आजी’ स्टीफन किंगच्या ‘ग्रामा’वरून आली आणि पुढे त्या ‘आजी’चा अंश २०१८ च्या ‘तुंबाड’मध्ये उतरला. म्हातारी तीच, तिच्याभोवतीचं घर दर वेळी बदललं. उसनवारी दिसली तरी चालेल. प्रश्न तेवढा तुझा हवा.

आणि ‘असं झालं तर?’ हा प्रश्न कुणी हवेतून काढत नाही. ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिणाऱ्या मेरी शेलीचं बघ. १८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्याच्यापायी पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसानं घरात कोंडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली. ती तेव्हा अठरा वर्षांची. मेलेल्या बेडकाचा पाय विजेनं झटका खातो हे गॅल्व्हानीनं दाखवून झालं होतं. आल्दिनीनं तर १८०३ मध्ये लंडनला फाशी गेलेल्या माणसाच्या प्रेतावर वीज सोडून पाहिली होती. म्हणजे मेलेलं जिवंत झालं तर, हा प्रश्न गप्पांमध्ये होताच. तिनं त्याच्या पुढचा विचारला. जिवंत केलं आणि करणाराच पळून गेला तर? १८१८ च्या त्या कादंबरीत जीव तयार होण्याचं वर्णन थोडक्यात आटपलंय, खरं पुस्तक आहे ते टाकून दिलेल्या त्या जीवाचं. विजेचे लोळ सिनेमावाल्यांनी वाढवले.

एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाचा हिशेब आणखी रोखठोक. इंग्रजांनी टास्मानियातल्या मूळ लोकांचं जे केलं, तेच कुणी लंडनचं केलं तर? १८९८ च्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये पहिल्याच प्रकरणात तो टास्मानियाचं नाव घेतो. हल्ला मंगळावरून होतो, पण मंगळ नुसतं निमित्त. आणि मंगळावरचे ते मरतात तोफांनी नाही, जंतूंनी. टी. एच. हक्सली या शास्त्रज्ञाच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलेल्याला हे सुचणारच.

आपल्याकडचा नवा लेखक काय करतो, तर लोणारला एलियन उतरवतो. जागा आहे तशी: बेसॉल्टमध्ये उल्केच्या आघातानं पडलेलं, दोनेक किलोमीटर रुंदीचं विवर आणि खारं पाणी. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा तर विचारूच नको. पण तिथे पुराणातला राक्षस लवणासुर आधीच ठाण मांडून बसलाय, आणि तो या सगळ्या एलियनांहून बरा आहे.

त्यापेक्षा तुझ्या बाबांनी आणलेलं सरकीचं पाकीट आठव. ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीचं वेगळं पाकीट यायचं. ते वावराच्या कडेनं लावायचं, निदान पाच ओळी, आणि त्या अळीनं खाव्यात म्हणूनच. बीटीची कपाशी अळीला मारणारं विष स्वतःच तयार करते. कडेच्या ओळींत ते विष न चाखलेली अळी वाढते, तिचा पतंग बीटीवर तगलेल्या पतंगाशी जुगतो आणि सगळीच्या सगळी जात विष पचवणारी होत नाही. पण पदरचं खत घालून अळी पोसणं कोणत्या कास्तकाराला पटेल? बहुतेकांची ती पाकिटं न पेरताच धुऱ्यावर फेकली गेली. कारणं आणखीही होती, पण गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली. २०१७ चा हंगाम तुला आठवत असेल. फुलं उमलेनात, नुसत्या डोमकळ्या. बोंड वरून धड आणि फोडलं की आत सरकी पोखरलेली.

आता यातून तुझा प्रश्न काढ. एखाद्या गावाला दरसाल स्वतःतलं थोडं कशाला तरी खाऊ द्यावं लागतं, नाहीतर ते खाणारं कशानंच मरेनासं होईल, असं असलं तर? कुणाच्या ओळी सोडायच्या, हे ग्रामसभेत कसं ठरेल? ज्याचं घर शिवेला लागून, दर वेळी त्यानंच का द्यायचं? आणि एका वर्षी सरपंचाच्या घरावर पाळी आली तर? याला विज्ञानकथा म्हणायचं की भयकथा, ते छापणारे बघतील. मला ती वाचायची आहे.

लिहिताना अशक्य गोष्ट एकच ठेव. जिथे काहीही घडू शकतं तिथे कशातच गंमत उरत नाही, असं वेल्सनंच सांगून ठेवलंय. बाकी सगळं सातबाऱ्यासारखं काटेकोर हवं. विहिरीतला आवाज मला मान्य. पण रात्री दोनला मोटार आपोआप सुरू झाली आणि तुझा माणूस घाबरला, हे आपल्याकडचा कुणी मानणार नाही. थ्री फेज आली की मोटार चालू व्हावी म्हणून ऑटोस्विच त्यानंच लावलेला असणार. तो घाबरायचा नाही, लाइन आली म्हणून बॅटरी घेऊन दांडाचं पाणी वळवायला निघेल. त्याला घाबरवायचंच असेल तर लाइन नसताना मोटार चालू दे.

तेवढं पान बदलून स्पर्धेच्या तारखेआधी पाठव. अळीची गोष्ट त्यात घुसडू नकोस, तिला वेगळी वही कर.

तुझे,
सर