सामाजिक संशोधनातल्या प्रत्यक्षार्थवाद (positivism) आणि अन्वयार्थवाद (interpretivism) या दोन दृष्टिकोनांत नेमका फरक काय? प्रबंधासाठी कोणता घ्यावा?

फरक आकडे की मुलाखती असा नाही, तो आधी प्रश्नात असतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखीमने १८९७ साली आत्महत्येसारखी अगदी खाजगी गोष्ट घेतली आणि ठिकठिकाणचे दर ताडून पाहिले: प्रोटेस्टंट भागांत जास्त, कॅथलिक भागांत कमी. कारण त्याने एकेकट्याच्या मनात नव्हे, समाजाच्या विणीत शोधलं. हा प्रत्यक्षार्थवादी बाज. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर मात्र विचारतो, करणाऱ्याच्या लेखी त्या कृतीचा अर्थ काय? हा अन्वयार्थवादी बाज. (तिसरा, चिकित्सक दृष्टिकोन विचारतो: ही व्यवस्था कुणाच्या फायद्याची?)

तुम्ही आधी प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘किती मुली शाळा सोडतात’ आणि ‘शाळा सोडताना त्या मुलीला काय वाटलं’ या दोन्हींना एकच प्रश्नावली पुरणार नाही. दुसऱ्यासाठी तिच्याजवळ बसून ऐकावंच लागतं.