पडद्याआधी खोली बघा
वाचकांचे प्रश्न : घरातला सिनेमा

प्रश्न : ठाण्यात आमचा हॉल ११ फूट रुंद आणि १७ फूट लांब आहे. सोफा पडद्याच्या भिंतीपासून ११ फुटांवर, आईंचा दिवाण उजव्या भिंतीला लागून. २००० ल्युमेनचा प्रोजेक्टर घेतला आहे. दुकानदार १५० इंची, १.८ गेनचा पडदा घ्या म्हणतात, उजेड जास्त मिळेल म्हणून. घ्यावा का? छत आणि भिंती पांढऱ्या आहेत. सिनेमे रात्री, खिडक्यांचे जाड पडदे ओढूनच बघतो.

उत्तर : घेऊ नका. आधी मापाचं बोलू. १५० इंची पडदा रुंदीला जवळजवळ ११ फूट भरतो. तुमची भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत संपली, स्पीकरला जागा उरली नाही. आणि ११ फुटांवरून ११ फूट रुंद चित्र बघताना दोन तासांत डोळे शिणतात. मी चित्रगृहात ऑपरेटर होतो, तेव्हा मध्यंतरात पुढच्या रांगेतली माणसं डोअरकीपरकडे मागची खुर्ची मागायला यायची, ती काही उगाच नाही.

तुमच्या सोफ्याला ११० इंची पडदा बेताचा बसेल. कर्णाचं हे माप झालं. प्रत्यक्षात रुंदी ८ फूट, उंची साडेचार फूट. एवढं चित्र नजरेचा साधारण ४० अंशांचा कोन भरतं. त्यात सिनेमाचा मोठेपणा पुरेपूर मिळतो आणि तळाची अक्षरं वाचायला मान फिरवावी लागत नाही. पडद्याची खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर ठेवा. टीव्हीचं कपाट खाली आहे म्हणून लोक पडदा छताजवळ टांगतात आणि मग मान वर करून बसतात. कपाट हलवा. बसलेल्या माणसाची नजर चित्राच्या खालच्या तिसऱ्या भागात यायला हवी.

आता उजेडाचा हिशोब. तो वहीवर करता येतो, त्यासाठी दुकानदार लागत नाही. ल्युमेनला, म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाच्या मापाला, गेनने गुणा (साध्या पांढऱ्या पडद्यापेक्षा हा पडदा समोर किती पट उजळ दिसतो तो आकडा) आणि पडद्याच्या चौरस फुटांनी भागा. येतात ते फूट-लँबर्ट, म्हणजे पडदा किती उजळ दिसतो त्याचं माप. चित्रगृहातल्या डिजिटल सिनेमासाठी १४ फूट-लँबर्ट हे मान्य प्रमाण आहे. खोक्यावरचे २००० ल्युमेन सर्वांत भडक मोडमधले असतात, रंग बरोबर दिसतील अशा मोडमध्ये निम्मेच धरावेत. म्हणजे १०००. ११० इंची पडदा ३६ चौरस फुटांचा. गेन १ धरला, तरी २८ फूट-लँबर्ट येतात. दिव्याचं आयुष्य सांगतात ते त्याचा उजेड निम्मा होईपर्यंतच्या तासांत. तेव्हा तुमचा दिवा पार थकला, तरी अंधाऱ्या खोलीत तुम्ही त्या १४ वर उभे असाल. मग १.८ कशासाठी?

गेन म्हणजे जादा उजेड, असा समज दुकानातूनच पसरतो. पडदा उजेड तयार करत नाही. प्रोजेक्टरने दिलेला उजेड कुठे परत पाठवायचा, एवढंच तो ठरवतो. टॉर्चचा झोत आवळला की मधे लख्ख होतं आणि बाजूला अंधार होतो, तसंच जास्त गेनच्या पडद्याचं आहे. सोफ्याच्या मधोमध बसलेल्याला चित्र झगझगीत दिसेल. दिवाणावरून बघणाऱ्या आईंना तेच फिकं, आणि एका कडेला जास्तच काळवंडलेलं दिसेल. शिवाय मधोमध उजेडाचा एक डाग तयार होतो. कॅमेरा आकाशावरून किंवा पांढऱ्या भिंतीवरून सरकला की तो डाग जागचा हलत नाही, आणि एकदा नजरेला पडला की दर वेळी तोच दिसतो. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बाजूला बसत असेल, तर पडदा त्या जागेवरून बघून निवडावा. साधा मॅट पांढरा, १ ते १.१ गेनचा, मागे काळा थर असलेला पडदा घ्या. काळा थर नसेल तर काही उजेड कापडातून आरपार जाऊन भिंतीवर वाया जातो.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितो आहे ते. वाचलेले पैसे छतावर घाला. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. चित्रातला काळा म्हणजे तिथे उजेड न पडणं. मॅट पडदा उजेड सगळीकडे उधळतो. तो तुमच्या पांढऱ्या छताला आणि भिंतींना लागून पुन्हा पडद्यावर येतो आणि रात्रीच्या प्रसंगातलं काळं राखाडी करून टाकतो. खात्री करायची असेल तर एखादा असा प्रसंग लावा ज्यात अर्धी चौकट उजळ आहे आणि अर्धी काळोखी. तो थांबवून ठेवा. दोघांनी स्टुलावर चढून पडद्याजवळच्या छताला काळी घोंगडी लावून धरा, तिसऱ्याने सोफ्यावरून बघावं. काळोखी बाजू गडद होताना दिसेल. छत आणि बाजूच्या भिंती पडद्यापासून निदान पाच फुटांपर्यंत गडद, अजिबात चकाकी नसलेल्या रंगाने रंगवा. काळाच हवा असं नाही. गडद करडा, गडद निळा, मातकट तपकिरी चालेल. बाजूच्या भिंती रंगवायच्या नसतील, तर गडद कापडाचे पडदे सोडा. घरचे आधी कुरकुरतील. तरीही आग्रह धरा, कारण एवढ्या पैशांत चित्र इतकं सुधारणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

प्रश्न : भिंतीजवळ टेबलावर ठेवायचा अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर घेतला आणि गुंडाळीचा साधा पांढरा पडदा. संध्याकाळी ट्यूबलाइट असताना चित्र धुतल्यासारखं दिसतं, आणि सरळ रेषा लाटांसारख्या. प्रोजेक्टर खराब आहे का? – नाशिक

उत्तर : नाही, पडदा जुळत नाही. हा प्रोजेक्टर खालून अगदी तिरपा झोत टाकतो. कापडाला जराशी लाट असली, तरी तिरप्या झोतात ती कितीतरी मोठी दिसते. त्याला चौकटीवर ताणून बसवलेला पडदाच लागतो. ट्यूबलाइटसाठी सीएलआर (सीलिंग लाइट रिजेक्टिंग, म्हणजे छताकडचा उजेड अडवणारे) नावाचे पडदे मिळतात. त्यांवर बारीक आडव्या पट्ट्या असतात. त्या खालून येणारा उजेड तुमच्याकडे वळवतात आणि वरून येणारा अडवतात. म्हणूनच असा पडदा उलटा लावला तर काम करत नाही, आणि पुढे कधी छताला टांगायचा प्रोजेक्टर घेतलात तर त्याचाच झोत हा पडदा अडवेल. ट्यूबलाइट सोफ्यामागच्या भिंतीवर असेल, तर मात्र तिचा उजेड समोरून येतो आणि या पडद्यालाही फारसा आवरत नाही. आधी दिव्याची जागा बघा. दुकानदाराकडून पडद्याचा वहीच्या पानाएवढा तुकडा मागा, तुमच्या पांढऱ्या पडद्यावर टाचणीने लावा, आणि ट्यूबलाइट चालू ठेवून दोन्हींवर तेच चित्र बघा. तुकडा द्यायला तयार नसेल त्याच्याकडून पडदा घेऊ नये.

प्रश्न : मी शिक्षक आहे. पडद्यासाठी पैसे नाहीत. भिंतीवर चालेल का? चंदेरी रंग लावावा असं कोणी सुचवलं. – संगमनेर

उत्तर : भिंतीवर उत्तम चालेल, चंदेरी रंग मात्र नको. त्यानेही मधे तोच डाग पडतो. चंदेरी पडदा लागतो तो पोलराइज्ड चष्म्यांच्या थ्रीडीला.

पुट्टी मारून घ्या, घासून घ्या, आणि रंगाआधी रात्री भिंतीला चिकटून आडवी ट्यूब धरा. जिथे सावली पडेल तिथे खळगा आहे, तो भरा. मग मॅट पांढरा रंग, रोलरने. चित्राभोवती तीन इंच रुंद काळ्या मखमलीची पट्टी लावा. पट्टीने चित्राची कड स्वच्छ कापली जाते, बाहेर सांडलेला उजेड शोषला जातो आणि चित्र जास्त ठसठशीत वाटतं. मखमल एखाद्या शिंप्याकडेही उरलेली मिळते. विद्यार्थ्यांना दाखवणार असाल तर छान. त्यांना बसवताना कडेच्या मुलांची काळजी करू नका, मॅट भिंत सगळ्यांना सारखंच दाखवते.

प्रश्न : दापोलीला घर आहे. पावसाळ्यात गुंडाळून ठेवलेल्या पडद्यावर बुरशीचे काळे ठिपके आले आणि कडा आत वळल्या. – मुंबई

उत्तर : कोमट पाण्यात दोन थेंब सौम्य साबण, मऊ सुती कापड, हलक्या हाताने वरून खाली. घासू नका. स्पिरिट, थिनर किंवा ब्लीच लावलंत तर ठिपक्यासोबत वरचा थरही जाईल आणि तिथे कायमचा चकचकीत चट्टा दिसेल. (हे मॅट पांढऱ्या पडद्याला. बारीक पट्ट्यांच्या सीएलआर पडद्याला पाणीही लावू नका, फक्त मऊ ब्रशने धूळ झाडा.) आत मुरलेले ठिपके निघणार नाहीत. ते कडेला असतील तर काळ्या पट्टीखाली झाकता येतात, मधे असतील तर कापड बदलावं लागेल.

वळलेल्या कडा मात्र सरळ होणं कठीण. नवा घेताना बाजूंना दोरीचा ताण असलेला घ्या, आणि पावसाच्या माऱ्याच्या भिंतीवर लावू नका. दुसरी भिंतच नसेल तर लाकडी पट्ट्या ठोकून मागे दोन इंच हवा खेळू द्या. जून ते सप्टेंबर घर बंद राहत असेल, तर जाताना पडदा पूर्ण कोरडा करून गुंडाळा आणि जो कोणी घराकडे बघतो त्याला आठवड्यातून एकदा दुपारी तो उघडून पंखा लावायला सांगा.